नाझरसाहेबांची अदालत

नाझरसाहेब,

तुमचा जनाजा गेला तेव्हा मी शाळेच्या ओसरीवर उभी होते. पाचवीच्या पोरी माझ्या मागं गप उभ्या होत्या. बायकांनी मागं जायची रीत तुमच्यात नाही, आमच्यातही नाही. म्हणून तिथूनच पाहिलं. अदालतीच्या पायऱ्यांसमोर चढ लागतो, तिथं खांदे बदलले. पुढच्या बाजूला आपला दत्तोबा शिंपी होता. गेली कित्येक वर्षं आपल्या प्रत्येक नाटकात दुष्ट माणसाचं काम करणारा दत्तोबा. तो उघड्यावर रडत होता आणि त्याला डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

आज तुम्हाला जाऊन चौदा दिवस झाले. गावानं तुमच्याविषयी चार बरे शब्द बोलून घेतले. कोर्टातले जुने वकील म्हणाले, कागदाला फार पक्का माणूस. नगर कमिटीचे अध्यक्ष म्हणाले, नाट्यगृहाचा आधार गेला. मला कुणी बोलायला सांगितलं, तर मी नाही म्हटलं. मला जे बोलायचं ते तुमच्याशी आहे, आणि त्यातलं बरंचसं भांडण आहे.

तुम्हाला मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते त्या इमारतीच्या व्हरांड्यात. मुन्सफ कोर्ट नव्या जागेत गेलं होतं आणि जुनी अदालत रिकामी पडली होती. तुम्ही कोर्टाचे नाझर. सामानसुमान, किल्ल्या, शिपाईप्यादे सगळं तुमच्या हाताखाली. रिकाम्या इमारतीची किल्लीही तुमच्याकडंच राहिली होती. मी मुलींच्या शाळेत नव्यानं लागलेली मास्तरीण. शाळेच्या संमेलनाला मांडव घातला होता तो वावटळीनं उचलून नेला, म्हणून हेडमास्तरांनी मला तुमच्याकडं पाठवलं. नाटकापुरती जागा मागायला.

तुम्ही टोपी सारखी केली आणि म्हणालात, "बाई, ही अदालत हाय. हितं खरं बोलायची शपथ घेत्यात मानसं. अन् तुमी हितं खोटं करून दाखवनार?"

मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची. जिभेला धार होती. म्हटलं, "नाझरसाहेब, शपथ घेऊन खोटं बोलणारे तुम्ही इथं किती पाहिलेत? आम्ही निदान आधीच सांगतो की हे नाटक आहे."

तुम्ही हसला नाहीत. माझ्याकडं बराच वेळ बघत राहिलात. मग म्हणालात, "तुमी अप्पांच्या शांता न्हवं?" मी मान हलवली. "उद्या या," एवढंच म्हणालात. दुसऱ्या दिवशी गेले तर दार उघडं, फरशी धुतलेली, आणि तुम्ही किल्ली घेऊन पायरीवर बसलेले.

मला दार उघडून दिलंत आणि मग जे सांगत सुटलात ते पुढची दहा-बारा वर्षं सांगतच राहिलात. ही इमारत आधी कचेरी होती. त्याच्याही आधी दुष्काळात धान्य भरून ठेवायची जागा. भिंती अडीच हात रुंद, म्हणून उन्हाळ्यात आत गार. छताच्या लाकडाला एक खिळा नाही, सगळ्या खाचा. मुन्सफ ज्या चौथऱ्यावर बसायचे, तिथं उभं राहून तुम्ही हळूच काहीतरी बोललात आणि मला शेवटच्या खिडकीपाशी जायला लावलंत. "आलं का ऐकू?" आलं होतं. "मुन्सफसाब लई हळू बोलायचे. पर आरोपीच्या बायकूला मागं उभी राहून बी निकाल ऐकू जायचा." दारावरचा दगड दाखवलात. उर्दू अक्षरं. वर कुणा अंमलदाराचं नाव, आणि खाली, बारीक अक्षरात, गवंड्याचं. ते तुम्ही दोनदा वाचून दाखवलंत. "वरचं नाव जाऊ द्या," म्हणालात, "असली नावं लई हायती. गवंड्याचं नाव दगडावर कोन घालतंय?"

तुम्हाला माहीत होतं की नव्हतं कुणास ठाऊक, पण मी ते सगळं ऐकत असताना मनात एकच होतं. याच चौथऱ्यासमोर, या लाकडी कठड्यात अप्पा उभे होते. संस्थान होतं तेव्हाची गोष्ट. तिरंगा घेऊन फिरले म्हणून माझ्या वडिलांना इथं शिक्षा झाली आणि तुरुंगात तापानं ते गेले. मी तेव्हा तेरा वर्षांची. तुम्हाला मी ते सांगितलं नाही. तुम्हीही, शिक्षा झाली त्या दिवशी तुम्ही कुठं उभे होतात, ते सांगितलं नाहीत.

पहिल्या नाटकाची गोष्ट गावाला अजून आठवते. हेडमास्तरांनीच लिहिलेलं, शिकायची हौस असलेल्या एका मुलीचं नाटक; संमेलनात ते गावातली हौशी मंडळी करणार होती. बायकांची कामं करणारा आपला नट ऐन वेळी बार्शीला नोकरीला लागला. दत्तोबाला विचारलं, तर तो मिशी काढायला तयार होईना. मी म्हटलं, मीच करते. झालं! गावातले चार वजनदार लोक हेडमास्तरांकडं आले. बाईमाणसानं स्टेजवर यायचं नाही. तुम्ही तिथं किल्ली द्यायला म्हणून आला होता, दाराशी उभे होता. कुणी तुमचं मत विचारलेलं नव्हतं.

"त्या कठड्यात बाया साक्षीला उभ्या ऱ्हायल्या," तुम्ही म्हणालात. "सोळा-सोळा वर्साच्या. भरल्या कोर्टात, बाप्यांच्या म्होरं, आपल्या अब्रूची गोष्ट बोलल्या. म्या डोळ्यानं बघितलंय. तवा कुनी न्हाई म्हनलं न्हाई. आताच का?"

मी स्टेजवर उभी राहिले, ती तुमच्या त्या एका प्रश्नामुळं.

आणि विंगेत पुस्तक धरून तुम्ही बसलात! त्याचीही मौजच. नोकरीची शेवटची काही वर्षं राहिली होती आणि आता कारभार मराठीत झाला म्हणून तुम्हाला मराठीची परीक्षा देणं भाग होतं. आयुष्यभर मराठी बोललात, पण लिहिलं उर्दूतच. शाळा सुटल्यावर माझ्या वर्गात, पोरींच्या ठेंगण्या बाकावर गुडघे वर करून तुम्ही बसायचा आणि पाटीवर 'क्ष' गिरवायचा. "बाई, ह्ये अक्षर हाय का तुमच्या लुगड्याची घडी?" तुम्हाला वाचायची सवय व्हावी म्हणून मीच नाटकाची वही हातात दिली. तालमीत तुम्ही पुटपुटत वाचायचा आणि कुणी अडलं की पुढचा शब्द द्यायचा. कधी तुमच्याआधीच नट बोलून जायचे, मग तुम्ही रागवायचा.

तिसऱ्या की चौथ्या तालमीत मी एक मोठं भाषण घडाघडा म्हणून दाखवलं. सगळ्यांनी मान डोलावली. तुम्ही वही मिटलीत.

"काय झालं?"

"लई सफाई हाय, बाई. खोटं वाटतंय."

"म्हणजे?"

"तीस साल साक्षी ऐकल्या म्या. पाठ करून आलेला मानूस असा घडाघडा बोलतो. खरं बोलनाऱ्याची जीभ अडखळती. मधीच थांबतो, पानी मागतो. तुमी जरा अडखळा."

मला राग आला होता. पण प्रयोगाच्या दिवशी, ऊन खिडक्यांतून चौथऱ्यावर आलेलं असताना, त्या भाषणाच्या मध्यावर मी थांबले. मुद्दाम नाही. समोर तो कठडा दिसला आणि शब्दच येईना. तुम्ही विंगेतून शब्द दिला नाहीत. मी तुमच्याकडं पाहिलं, तर तुम्ही बोट ओठावर ठेवून, थांबा, असं सांगत होता. मग माझं मलाच वाक्य सापडलं. मागं बांबूच्या चिकाच्या पडद्याआड बसलेल्या बायकांतून कुणीतरी हुंदका दिला. ती तुमची बेगम होती, रुकय्याचाची, हे मला नंतर कळलं.

चाचीला मी त्या दिवसापासून चाची म्हणू लागले. तुम्हाला मात्र नाझरसाहेबच. का, ते सांगता येत नाही. चाचा म्हणायला जीभ रेटली नाही एवढं खरं.

पुढं नाटकं होत राहिली. दिवाळीनंतर एक, उन्हाळ्यात एक. सोनारीच्या जत्रेहून परतणारे गाडीवान बैल सोडून आत येऊन बसायचे. तुम्ही निवृत्त झालात, पण किल्ली तुमच्याकडंच राहिली. ती मागायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. रोज सकाळी तुम्ही दार उघडायचा, कबुतरं हाकलायचा, झाडून घ्यायचा.

आणि मग महाराष्ट्र झाला. गावात पेढे वाटले. कमिटीनं ठरवलं की अदालतीला अप्पांचं नाव द्यायचं, आत त्यांचा फोटो लावायचा. मला किती आनंद झाला ते तुम्ही पाहिलंत. फोटोची चौकट तुम्हीच पसंत केलीत. पण त्याच बैठकीत एकानं टूम काढली: दारावर अप्पांचं नाव आणि त्याच्याच डोक्यावर तो उर्दू दगड, हे बरं दिसणार नाही.

तुम्ही आदल्या दिवशी माझ्याकडं आला होता. ओसरीवर बसला नाहीत, उभ्या उभ्या म्हणालात, "बाई, आजवर तुमच्याकडं काई मागितलं न्हाई. उद्या मीटिंगीत तुमाला इच्यारत्याल. तुमी येवढं म्हना, दगड ऱ्हाऊ द्या. तुमचा शबूद कुनी मोडनार न्हाई. माझा कुनी ऐकनार न्हाई."

मी म्हटलं, "बघते."

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी खरंच विचारलं. "शांताबाई, तुमचं काय म्हणणं? तुमच्या वडिलांचा प्रश्न आहे." सगळे माझ्याकडं बघत होते. तुम्ही शेवटच्या बाकावर होता. मला वाटलं, मी दगडाची बाजू घेतली तर लोक म्हणतील, अप्पांना ज्यांनी मारलं त्यांचा दगड हिला प्यारा. खरं तर तेवढंही वाटलं नाही. नुसती भीती वाटली. मी खाली बघून म्हटलं, "तुम्ही ठरवाल तसं."

दुसऱ्या आठवड्यात गवंडी आले. दगडावर गिलावा झाला, वर निळ्या रंगात अप्पांचं नाव आलं.

त्या दिवशी पायऱ्यांवर आपण भांडलो. खरं म्हणजे मी भांडले. तुम्ही नुसतं म्हणालात, "बाई, तुमी गप बसलात." तेवढ्यानं माझा भडका उडाला, कारण तेच मी स्वतःला दोन आठवडे म्हणत होते. मी ओरडले, "आणि तुम्ही? माझ्या वडिलांना शिक्षा झाली तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"तितंच. खुर्चीच्या डाव्या अंगाला."

"काय केलंत?"

"कागद म्होरं केला. साहेबांनी सही केली. शाई टिपली."

"मग मला कशाला विचारता?"

तुम्ही तेव्हा म्हणू शकला असता की संस्थान बुडालं तेव्हा पोलीस ॲक्शनच्या त्या पंधरवड्यात माझाही भाऊ गेला, त्याला कुणी हार घातला नाही, त्याचा फोटो कुठं लावला नाही. गावाला ते ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. तुम्ही ते काढलं नाहीत. किल्ली पायरीवर ठेवलीत आणि घरी गेलात.

मी ती उचलून दत्तोबाकडं दिली. आठ महिने तुम्ही अदालतीकडं फिरकला नाहीत. पुढच्या नाटकाला दत्तोबाच्या भावानं वही धरली. मी दोन ठिकाणी अडखळले आणि त्यानं तत्परतेनं शब्द दिला. काम झालं, टाळ्या झाल्या. मला घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

तुम्ही पुन्हा आलात ते त्याच कमिटीच्या दुसऱ्या ठरावामुळं. अदालत पाडून तिथं दुकानांचे गाळे काढायचे घाटत होतं. अप्पांचं नाव म्हणे गाळ्यांना देऊ. शाळा सुटल्यावर माझ्या वर्गाच्या दारात तुम्ही उभे. हातात कागद. कसे आहात, कसं नाही, काही नाही. बाकावर बसलात. "बाई, जरा शुद्धलेखन बघा."

अर्ज होता. जुन्या वास्तू सांभाळणारं सरकारचं खातं आहे, तिथं लिहिलेला. या इमारतीचं नाव तुमच्या यादीत घ्या म्हणजे ती कुणाला पाडता येणार नाही. तुमचं मराठी अक्षर, प्रत्येक ओळीवर जोर देऊन काढलेलं. 'जीर्ण'चा ण तुम्ही न केला होता. धान्याच्या कोठारापासून नाटकांपर्यंत सगळा इतिहास होता. भिंतींची रुंदी होती, छताच्या खाचा होत्या. माझ्या पहिल्या नाटकाचाही उल्लेख होता. फक्त दगड नव्हता.

मी ण दुरुस्त केला. मग माझ्या पेननं खाली एक ओळ लिहिली: दर्शनी दारावर शिलालेख आहे, सध्या गिलाव्याखाली.

तुम्ही ती ओळ वाचलीत. कागदाची घडी घातलीत. "येतो," म्हणालात. आपला समेट एवढाच. दुसऱ्या दिवशी दत्तोबानं किल्ली तुमच्या घरी पोचवली.

त्या अर्जाचं उत्तर आलं नाही. दुसरा केला, तिसरा केला. तुम्ही दर पावसाळ्याआधी एक अर्ज पाठवत राहिलात, आणि मी न चे ण करत राहिले. गाळ्यांचं कधी पुढं सरकायचं, कधी थांबायचं. आपल्या दोघांत त्या पायऱ्यांवरच्या बोलण्याचा विषय पुन्हा कधी निघाला नाही. मला वाटायचं, वेळ आहे. बोलू केव्हातरी.

यंदा खात्याचा माणूस खरोखरच आला. औरंगाबादहून. पोरगेलासा, टेप आणि वही घेऊन. तुम्ही तेव्हा अंथरुणाला खिळला होता, छातीत पाणी झालं होतं. म्हणून मी त्याला इमारत दाखवली. तुमच्यासारखंच चौथऱ्यावर उभं राहून हळू बोलून दाखवलं. तो म्हणाला, "अर्जात शिलालेख लिहिलाय, तो कुठंय?" अध्यक्ष सोबत होते. ते म्हणाले, तो आता गेला, जाऊ द्या. मी म्हटलं, "या इमारतीला माझ्या वडिलांचं नाव आहे ना? मग मी सांगते. गिलावा काढा." कुणी नाही म्हणालं नाही. इतकी वर्षं मी ज्याला भीत होते, त्याला एवढाच वेळ लागला.

गवंडी बोलावला. गिलावा निघाला. आणि नाझरसाहेब, त्या लोकांनी गिलावा नीट धरावा म्हणून दगडाला छिन्नीनं टाचे मारून ठेवले होते. वरचं नाव बरंचसं वाचता येत होतं. खालची बारीक ओळ गेली होती. गवंड्याचं नाव गेलं होतं.

खात्याच्या माणसानं तरी नोंद घेतली. म्हणाला, इमारत यादीत येईल, कागद यायला वेळ लागेल, पण पाडता येणार नाही. मी तशीच तुमच्याकडं आले. चाची उशाशी बसली होती. मी सगळं सांगितलं. तुम्ही डोळे मिटून ऐकत होता. मग विचारलंत, "गवंड्याचं नाव शाबूत हाय?"

"आहे की," मी म्हटलं. "अगदी स्वच्छ. अक्षर न् अक्षर वाचता येतंय. त्यानं उतरूनसुद्धा घेतलं."

तुम्ही डोळे उघडलेत. माझ्याकडं बघितलंत आणि ओठांच्या कोपऱ्यात थोडं हसलात. मी एकदाही अडखळले नव्हते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

चाची चहा टाकायला आत गेली. तुम्ही म्हणालात, "आता माझं ऐका. अप्पांना शिपाई घिऊन निघाले तवा ते माझ्या टेबलापाशी थांबले. म्हनले, नाझरसाहेब, घरी येवढा निरोप द्या. शांतेची शाळा सोडवू नका म्हनावं."

मला काही कळेना. "मग?"

"म्या हो म्हनलो. दोनदा तुमच्या गल्लीच्या तोंडापतुर आलो. घरावर पाळत व्हती. सरकारी मानूस कैद्याच्या घरी गेला तर... भ्यालो, बाई. परत फिरलो."

दोन वर्षं, नाझरसाहेब. दोन वर्षं माझी शाळा सुटली होती. आईला वाटलं, बाप गेलेल्या पोरीला शिकवून काय करायचं. काकांनी स्थळं बघायला सुरुवात केली होती. मी जात्यावर बसून धडे म्हणायचे, विसरू नयेत म्हणून. त्या काळात अप्पांची एक ओळ मला मिळाली असती तर! आणि ती ओळ तुमच्या खिशात होती. पुढं नऊ-दहा वर्षांनी मी जागा मागायला आले, तेव्हा तुम्ही विचारलंत, तुम्ही अप्पांच्या शांता ना, आणि दुसऱ्या दिवशी दार उघडलंत. माझ्या बाजूनं गावाशी बोललात. मला वाटलं, मग हे सगळं त्याचंच होतं. ही सगळी माया म्हणजे चुकल्याची भरपाई. मी उठले. चाची चहा घेऊन येत होती, तिच्या अंगावरून बाहेर पडले.

तिसऱ्या दिवशी पहाटेच्या अजानेनंतर तुम्ही गेलात.

मी त्या संध्याकाळी येणार होते. हे कुणाला खरं वाटणार नाही, पण येणार होते. तुमच्या उशाशी बसून सांगणार होते की गल्लीच्या तोंडापर्यंत दोनदा येणारा माणूस आणि भरल्या बैठकीत खाली बघणारी बाई, दोघं एकाच मापाची. दगडाच्या वेळी मी भ्याले तेव्हा माझ्या दाराशी कुठं बंदूकधारी उभा होता? सांगणार होते की निरोप पोचला, उशिरा का होईना पोचला, आणि अप्पांचा शब्द तुमच्या तोंडून ऐकायला मिळाला म्हणून मी त्या रात्री कितीतरी वर्षांनी अप्पांसाठी रडले. हे सगळं तयार होतं. तुम्ही थांबला नाहीत.

काल दुपारी शाळेतून चाचीकडं गेले. नवरा गेल्यावरच्या रिवाजाप्रमाणं ती आता चार महिने घराबाहेर पडायची नाही. पांढरी ओढणी घेऊन भिंतीला टेकून बसली होती. तिनं मला काही विचारलं नाही. त्या दिवशी का उठून गेलीस, हेही नाही. मग जे मी बारा वर्षांत तुम्हाला एकदाही विचारलं नव्हतं, ते तिला विचारलं. "चाची, नाझरसाहेबांच्या भावाचं नाव काय होतं?"

तिनं माझ्याकडं चमकून पाहिलं. "यासीन," म्हणाली. मग म्हणाली, "कुनी इच्यारतच न्हाई गं त्याचं."

आणि ती सांगू लागली. त्या पंधरवड्यात जिवाच्या भीतीनं गावातली मुसलमानांची आठ-दहा घरं पोराबाळांसकट अदालतीत येऊन राहिली होती. किल्ली तुमच्याकडं म्हणून तुम्हीच आत घेतलं होतं. दारं आतून लावलेली. बाहेर जरा आवाज झाला की पोरं रडायची, आणि रडणं बाहेर जाऊ नये म्हणून आया त्यांची तोंडं दाबायच्या. बावीस वर्षांचा यासीन उठला. चाचीचा काळा बुरखा झग्यासारखा खांद्यावर टाकला आणि चौथऱ्यावर मुन्सफाच्या खुर्चीत जाऊन बसला. एकेका पोराला कठड्यात बोलवायचा. हळू आवाजात, अगदी मुन्सफसाहेबांसारखा, नाकातून. तुमच्या धाकट्या लेकीवर शेवटची भाकरी खाल्ल्याचा खटला चालवला. साक्षीला तिची बाहुली. चार दिवस रोज दुपारी खटला चालायचा. पोरं तोंडावर हात ठेवून हसायची.

"पाचव्या दिवशी धाकटीला दूध पायजे म्हनून भायेर गेला," चाची म्हणाली. "आला न्हाई."

तिनं पाणी मागितलं, दोन घोट घेतले.

"तू जागा मागायला आली ना, बेटी, त्या दिवशी हे घरी आले ते जेवलेच न्हाईत. म्या इच्यारलं, काय झालं. म्हनले, अप्पांची पोरगी अदालतीत नाटक करायचं म्हनती. म्या म्हनलं, न्हाई म्हना, तुमचं काळीज फाटंल. तर म्हनले, न्हाई. पैलं नाटक तितं यासीननं केलंय. त्याची जागा इतकी वर्सं रिकामी हाय. हिला करू द्या."

मी काय समजत होते, नाझरसाहेब. तुम्ही मला काय देत होता.

मी चाचीला विचारलं, यासीनभाई दिसायला कसे होते? तिनं ओढणीनं तोंड पुसलं. उंच होता म्हणाली, तुमच्याहून उंच, आणि पुढचा एक दात जरा वाकडा, हसला की दिसायचा. नाकातून बोलून तिनं मुन्सफाची नक्कल मला करून दाखवली. करता करता हसू लागली, आणि मीही हसले, तुमच्या घरात, तुम्ही नसताना. शाळेची शेवटची घंटा झाली. पोरी रस्त्यानं घरी गेल्या. चाची सांगत होती. मी ऐकत होते.